समुद्रापर्यंतचा विमा

माल्कम ओल्डरॉइडने आयुष्यात चुका पुष्कळ केल्या होत्या, पण घाईत केलेली त्यांत एकही नव्हती. यॉर्कशरमधल्या एका लहानशा गावच्या नगरपालिकेत, लोकांना भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने द्यायच्या खात्यात तो कामाला होता. तिथल्या प्रतीक्षायादीत नाव घातलेला माणूस जमीन हातात येईपर्यंत बहुधा वाकण्याच्या वयापलीकडे गेलेला असे. अशा खात्यात मुरलेल्या माणसाला एका गुरुवारी वडिलांचा फोन आला.

"पोरा, गाडी विकली. शनिवारी सकाळी माणूस न्यायला येतोय. उद्या मला तिच्यातून फायलीला घेऊन चल. समुद्र बघायचाय."

एवढं बोलून लेनर्ड ओल्डरॉइडनी फोन ठेवला. ते फोनवर कधी 'कसा आहेस' विचारत नसत. समोरच्याने फोन उचलला म्हणजे तो बराच असणार, असा त्यांचा साधा विचार होता.

आता यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल. माल्कमलाही तसंच वाटलं आणि तिथेच तो फसला.

लेनर्डनी उभी हयात बसकंपनीत तिकीट तपासनीस म्हणून काढली होती. विनातिकीट माणूस ते दाराशी उभं राहून नुसत्या मानेच्या ठेवणीवरून ओळखत. नजर अधू झाली तेव्हा डॉक्टर नुसते "हं" म्हणाले. पण यांनी त्याच दुपारी आपलं लायसन्स पाकिटात घालून सरकारला परत पाठवलं. सोबत 'इतकी वर्षं वापरू दिल्याबद्दल आभारी आहे' अशी चिठ्ठीही जोडली. लायसन्स गेलं म्हणून विमा रद्द केला. विमा गेला म्हणून गाडी यापुढे रस्त्यावर येणार नाही असं सरकारला लिहून दिलं. कायदा पाळायचा तर कुणावर तरी सूड उगवल्यासारखा पाळायचा, हा त्यांचा खाक्या. तेव्हापासून ती जांभळट रंगाची म्हातारी गाडी घरासमोरच्या चिंचोळ्या जागेत, गॅरेजच्या बंद दाराकडे तोंड करून उभी होती. गॅरेजात ठेवायची सोयच नव्हती, कारण तिथे साठ वर्षांचा संसार कोंबलेला होता.

याच गाडीतून लेनर्ड दर उन्हाळ्यात बायकोला घेऊन फायली या किनाऱ्यावरच्या गावी जात. एडना जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तिची या गाडीबद्दल एकच तक्रार असे. "लेनर्ड, या सीटमधली स्प्रिंग मला टोचते." यावर लेनर्ड चालवता चालवता डावा हात लांब करून सीट तळव्याने दाबून बघत आणि निकाल देत, "काही नाही तिथे." इतकी वर्षं हा खटला चालला आणि दर वेळी निकाल तोच लागला. शेवटी एडनाने एक विणलेली उशी आणून खाली घातली आणि अपील मागे घेतलं. परवा गाडी विकायला स्वच्छ करताना लेनर्डनी ती उशी दान केलेल्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकली होती.

"माझ्या गाडीतून जाऊ या ना, डॅड," माल्कमने उलट फोन करून सुचवून पाहिलं.

"तुझ्या गाडीतून मी दवाखान्यात जातो," लेनर्ड म्हणाले. "समुद्रावर नाही."

तेव्हा शुक्रवारी रजा टाकून माल्कम बापाच्या घरी हजर झाला. त्याची बायको डेनिस त्याला दारात सोडून त्यांची गाडी घेऊन कामावर निघून गेली. एका दिवसापुरता विमा काढायचा आणि निघायचं. हल्ली तासाच्या हिशेबानेसुद्धा मिळतो. अर्ध्या तासाचं काम, असं तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसताना मोठ्याने म्हणाला. अशी वाक्यं माणसाने मनात म्हणावीत.

लेनर्ड टोपी, कोट आणि गळपट्टा घालून तयार होते. थर्मास भरलेला होता. "मी गाडीत जाऊन बसतो," ते म्हणाले.

"अजून विमा नाही निघालेला."

"बसायला विमा लागत नाही," तपासनीस म्हणाले आणि गेले.

फोनवर पहिलाच प्रश्न आला: व्यवसाय. समोर जगातल्या सगळ्या धंद्यांची यादी उलगडली. तिच्यात मधमाश्या पाळणारा होता, जादूगार होता, घंटा ओतणारा होता, पण नगरपालिकेत जमिनीचे तुकडे वाटणारा माणूस नव्हता. स्वतःचं अस्तित्वच अमान्य झाल्यासारखा माल्कम बराच वेळ बघत राहिला. 'शेतकरी' निवडलं तर खोटं, 'जमीनदार' निवडलं तर त्याहून खोटं. शेवटी 'इतर' वर बोट टेकवताना, बावीस वर्षं इमानाने नोकरी करून आपण 'इतर' निघालो, हे त्याला फार लागलं.

तेवढ्यात मागच्या दाराने नेव्हिल सग्डन आला. हा उजव्या हाताचा शेजारी. सल्ला देण्यावाचून त्याला दुसरा उद्योग नव्हता, पण तो उद्योग मात्र तो सचोटीने करी.

"विमा? कशाला?" नेव्हिल खुर्ची ओढत म्हणाला. "तुझ्या स्वतःच्या गाडीचा विमा आहे ना? त्यात दुसऱ्याची गाडी चालते. सगळ्यांची चालते."

माल्कमने स्वतःच्या विम्याचे कागद फोनवर शोधून वाचले. सगळ्यांची चालत असेल, पण त्याची चालत नव्हती.

"मग विम्याशिवाय चाक हलवू नकोस हं," नेव्हिलने जराही न लाजता बाजू बदलली. "माझ्या मेहुणीच्या दिराला अडवला होता. कॅमेऱ्यात दिसतं सगळं. विमा संपून दहा मिनिटं झाली होती फक्त. गाडी उचलून नेली आणि चेपून तिचा ठोकळा केला. आत बटाटे होते."

या बटाट्यांनी माल्कमच्या मनावर जो परिणाम केला तो पुढे दिवसभर टिकला. त्याने पुढचे प्रश्न भरले आणि शेवटी उत्तर आलं की या गाडीचा रस्त्याचा कर भरलेला नाही, सबब विमा देता येत नाही. लेनर्डनीच ती रस्त्यावरून उतरवली होती ना! कर फक्त मालकाने भरायचा. मालक गाडीत बसलेले. माल्कम बाहेर जाऊन काचेतून फोन आत देऊ लागला. पलीकडून यंत्राचा आवाज म्हणत होता, 'हो असेल तर हो म्हणा.'

"मी यंत्राला हो म्हणणार नाही," लेनर्ड म्हणाले. "माणूस दे म्हणावं."

"माणूस नाहीये त्यांच्याकडे, डॅड."

"मग कर कोण खातं?"

त्यावर यंत्र म्हणालं, 'माफ करा, समजलं नाही.' लेनर्ड म्हणाले, "मलाही." असं बराच वेळ चाललं आणि मग एकदाचा कर भरला गेला. उद्या जायच्या गाडीचा सहा महिन्यांचा कर! माल्कम परत आत आला, तेव्हा विम्याच्या फॉर्मने त्याला ओळख दाखवली नाही. सगळं पहिल्यापासून. 'इतर' सुद्धा पुन्हा. शेवटी कंटाळून तो पुन्हा बाहेर आला आणि त्याने कंपनीला सरळ फोन लावला.

"हॅलो माल्कम, मी शॅनन," पलीकडून एक पोरसवदा आवाज आला. नगरपालिकेत त्याचा वरिष्ठ अजून त्याला मिस्टर ओल्डरॉइड म्हणत असे. "किती वेळासाठी विमा हवाय, माल्कम?"

"पूर्ण दिवस," माल्कम म्हणाला. गाडीजवळ उभं राहून बोलण्याची चूक त्याने केली होती.

"कशाला पूर्ण दिवस?" आतून आवाज आला. "संध्याकाळी सहापर्यंत पुरे. सहानंतर मी काय गाडीत झोपणार आहे?"

"सहापर्यंत," माल्कम म्हणाला.

"गाडीतून कुणी प्रसिद्ध व्यक्ती प्रवास करणार आहे का? फुटबॉलपटू, गायक वगैरे?"

माल्कमने आत पाहिलं. वडील सीटवर जरा डावीकडे सरकले, मग उजवीकडे सरकले आणि गळपट्टा नीट केला. "नाही," तो म्हणाला.

"बसकंपनीच्या मासिकात दोनदा फोटो आलाय, ते सांग," लेनर्ड म्हणाले.

"मालकांची परवानगी आहे का? त्यांच्याशी बोलता येईल?"

लेनर्डनी फोन घेतला. माणूस मिळाल्यामुळे ते खुलले होते. "पोरी, तो चालवतो चांगला. जरा हळू. आईवर गेलाय. तिला समुद्रावर नेतानासुद्धा ती मला हळू चालवा म्हणायची. आता कोण म्हणणार? म्हणून त्याला नेतोय."

"मी विमा पाठवते हं, लेनर्ड," शॅनन म्हणाली.

विमा आला. माल्कमने तो दोनदा वाचला. त्याला इतका आनंद झाला की गॅरेजच्या दाराशी एकटाच उभा राहून तो शीळ घालू लागला. मग निघायच्या तयारीने त्याने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, आणि शीळ थांबली.

फाटकासमोर आडवी एक रुपेरी गाडी उभी होती. अख्खी. पुढे-मागे वीतभरसुद्धा वाट न ठेवता. तिच्यापुढेही गाड्या, मागेही गाड्या, सगळी गल्ली गाड्यांनी भरून गेलेली, आणि डावीकडच्या शेजाऱ्याच्या, क्लेगच्या घरात काळ्या कपड्यातली माणसं हळूहळू शिरत होती.

"हां," लेनर्ड काच खाली करून म्हणाले. "आज हर्बर्टचं होतं नाही का."

हर्बर्ट क्लेग गेल्याचं लेनर्डना अर्थातच माहीत होतं. पण त्या दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. हर्बर्टने मध्ये झाडांचं कुंपण लावलं आणि ते दोन मजले वाढू दिलं. तेव्हापासून लेनर्डच्या स्वयंपाकघरात दुपारी दिवा लावावा लागे. असल्या कुंपणावरून त्या देशात जितकी घरं कायमची दुरावली आहेत तितकी वाटण्यांवरूनही दुरावली नसतील.

आता दुसरा कुणी असता तर सरळ जाऊन दार ठोठावता, 'गाडी काढा हो' म्हणता, आणि ही गोष्ट इथेच संपती. पण माल्कम ज्या लोकांत वाढला त्यांच्यात कुणाची गाडी आपल्या दारात आली तर आधी आपणच ओशाळायचं असतं. त्यातून आत अंत्यविधीनंतरचा चहा चाललेला. त्याने जे केलं ते त्याच्या जागी गल्लीतल्या कुणीही केलं असतं. त्याने कागद घेतला आणि चिठ्ठी लिहिली.

'प्रिय गाडीमालक, ऐन दुःखाच्या वेळी आपल्याला त्रास देताना फार संकोच होतो. आपली गाडी (छान आहे) आमच्या फाटकासमोर किंचित आली आहे. आपल्याला सवड झाल्यावर, आणि काही गैरसोय होणार नसेल तर, ती थोडी पुढे घेता आली तर आभारी होईन. मुळीच घाई नाही.'

'मुळीच घाई नाही' लिहिल्यावर तो थबकला. घाई होती. सहापर्यंतच विमा होता, समुद्र दोन तासांवर होता आणि उद्या गाडी जाणार होती. पण ते वाक्य काढलं तर चिठ्ठी उद्धट वाटत होती. त्याने ते दोनदा खोडायला पेन टेकवलं आणि दोन्ही वेळा उचललं. मग चिठ्ठी वायपरखाली सरकवून तो फाटकाशी उभा राहिला. बारीक पाऊस सुरू झाला.

बराच वेळ गेला. कुणी एक गृहस्थ बाहेर आला, रुपेरी गाडीजवळ थांबला, चिठ्ठी वाचली, खिशात घातली, माल्कमकडे बघून अगदी मनापासून मान डोलावली आणि परत आत गेला. माल्कमनेही मान डोलावली. दुसरं काय करणार!

गाडीत लेनर्डनी रेडिओ लावला होता. बँड ऐकू येत होता. अधूनमधून ते जागेवर चुळबुळत होते. त्यांना कंटाळा आला असणार, असं समजून माल्कमने शेवटी मन घट्ट केलं आणि क्लेगच्या दाराकडे निघाला. 'फक्त गाडीचं विचारायचं,' असं तो वाटेत तीनदा पुटपुटला.

दार हर्बर्टच्या बायकोने, ऑड्रीने, स्वतः उघडलं. तिने माल्कमला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"लेनर्डनी पाठवलं तुला!"

माल्कमने तोंड उघडलं.

"मला माहीत होतं. काही बोलू नकोस. हर्बर्टला किती बरं वाटलं असतं!" तिने त्याला मिठी मारली आणि त्याच्या हातात बशी दिली.

बशी हातात आल्यावर त्या देशात माणसाचं सगळं स्वातंत्र्य संपतं. बशीवर हॅमची सँडविचं आली, त्यावर केक आला, दुसऱ्या हातात चहा आला. हात बांधले गेले आणि तोंड भरलं. काळ्या कपड्यातली माणसं एकेक करून येऊन त्याच्याशी हवेबद्दल बोलली. कुंपणापलीकडून समेटाला आलेला माणूस म्हणून घरभर कुजबुज पसरली. कुणीतरी चमच्याने कपावर टिकटिक केलं आणि ऑड्री म्हणाली, "माल्कमला दोन शब्द बोलायचेत."

माल्कमला एकही शब्द बोलायचा नव्हता. सगळी डोकी त्याच्याकडे वळली. खिडकीतून, कुंपणाच्या एका फटीतून, पलीकडे जांभळट गाडीचं टप आणि आत वडिलांची टोपी दिसत होती. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे काहीतरी मागतोय आणि आपण इथे केक खातोय, असं त्याला झालं.

"मिस्टर क्लेग," तो म्हणाला, "त्यांचं कुंपण... फार उंच होतं."

ऑड्री हुंदका देऊन हसली, मग सगळेच हसले आणि रडले, आणि एका म्हाताऱ्याने माल्कमचा खांदा दाबून "सुरेख बोललात" म्हटलं. इतकी मोठी दाद त्याला आजवर मिळाली नव्हती आणि इतका हताशही तो आजवर झाला नव्हता.

शेजारी उभा असलेला गृहस्थ हातातला शेरीचा ग्लास सावरत म्हणाला, "मी रॉय. ऑड्रीचा भाऊ. तुमचीच चिठ्ठी ना ती? किती सभ्य लिहिलीत! हल्ली असं कोण लिहितं?"

माल्कमचा चेहरा उजळला. "हो, हो! तर ती गाडी जरा..."

"अहो, मी तेव्हाच काढणार होतो. किल्ली हातात होती. पण तुम्ही लिहिलं होतं, मुळीच घाई नाही. म्हटलं, मग एक शेरी घ्यावी." रॉयने ग्लासात पाहिलं. "मग दुसरीही घेतली. आता मला चालवता यायची नाही. नाही ना चालणार?"

नाहीच चालणार. खोलीत विचारणा झाली. ज्यांनी शेरी घेतली नव्हती त्यांना रॉयची गाडी चालवायचा विमा नव्हता, आणि ऑड्रीचा विमा फक्त स्वतःच्या गाडीपुरता. विम्याशिवाय आठ पावलंसुद्धा गाडी न हलवणारी ती माणसं. नेव्हिल सग्डनही तिथे पोचलाच होता; बशी बघून तो कुठेही पोचतो. त्याने त्यांना बटाट्यांची गोष्ट सांगितल्यावर तर सगळेच दोन पावलं मागे सरले. आणि तोच म्हणाला, "माल्कम, तू सोपं का नाही करत? तासाभराचा विमा काढ. या गाडीचा."

दिवसातली सर्वांत मोठी नामुष्की हीच, की ती सूचना बरोबर होती.

"हॅलो माल्कम," शॅनन म्हणाली. "आता कुठली गाडी?"

"दुसरी. रुपेरी."

"आज किती गाड्या चालवणार आहात?"

"आठ फूट," माल्कम म्हणाला. "म्हणजे, ही. आठ फूट पुढे."

"वापर कशासाठी? नोकरीला जाणे-येणे, धंदा, की भेटीगाठी?"

माल्कमने हातातल्या बशीकडे पाहिलं. "भेटीगाठी."

"गाडी रात्री कुठे उभी असेल?"

"आमच्या दारात!" माल्कम ओरडला. "तेच तर दुःख आहे!" सबंध खोलीने आदराने मान खाली घातली. दुःख अनावर झाल्यावर माणूस ओरडतो, हे त्यांना समजण्यासारखं होतं.

विमा मिळाला. सगळा शोकाकुल समुदाय फुटपाथवर येऊन उभा राहिला. पुढची एक गाडी निघून गेल्यामुळे जागा झाली होती. माल्कमने रॉयची गाडी आठ फूट पुढे घेतली. लोकांनी हळू आवाजात टाळ्या वाजवल्या. ऑड्रीने कागदात गुंडाळलेली सँडविचं त्याच्या हातात कोंबली. "लेनर्डना," ती म्हणाली. "आणि सांग, ते कुंपण मी उतरवून घेणारे. हर्बर्ट मागच्या महिन्यातच म्हणत होता."

माल्कम धावत आला, वडिलांशेजारी बसला, पट्टा लावला आणि किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक् सुद्धा झालं नाही.

"बँड फार छान होता," लेनर्ड म्हणाले. "मघाशीच बंद पडला."

इतक्या वेळात रेडिओ चालू, काचेवरचे वायपर चालू, आणि गाडी वर्षभर अंगणात उभी राहून बॅटरी आधीच अर्धमेली झालेली. माल्कमने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. नेव्हिल दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून गाडी चालू करायच्या तारा घेऊन आला. माल्कमने रॉयची गाडी फाटकाशी आणली, तिचा विमा अजून होताच. पण म्हातारीचं तोंड गॅरेजकडे, तारा आखूड, आणि शेजारून गाडी आत घ्यावी तर मध्ये हर्बर्टचं कुंपण. मेल्यावरही तो माणूस वाट द्यायला तयार नव्हता.

"आपण सगळे मिळून मागे ढकलू या," नेव्हिल म्हणाला आणि काळ्या सुटातली सहा माणसं बाह्या सावरत पुढे आली.

लेनर्डनी काच खाली करायचा खटका दाबला, काचही उतरेना. त्यांनी दार उघडलं. "काय चाललंय?"

"ढकलतोय, लेनर्ड."

"मी आत बसलोय, आणि काळ्या कपड्यातली माणसं गाडी ढकलणार? त्याला अजून वेळ आहे. तेव्हा बोलावेन." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

माल्कमने घड्याळ पाहिलं. आता निघालं तरी समुद्रावर पोचेपर्यंत विमा संपायला येणार, आणि परत यायचं ते नेव्हिलच्या मेहुणीच्या दिरासारखं. त्याने शेवटचा फोन लावला. शॅननला खरंच वाईट वाटल्याचं तिच्या आवाजावरून कळत होतं. चालू विमा लांबवता येत नाही. आणि एका माणसाला एका दिवसात तिसरा विमा द्यायला यंत्र तयार नाही. "मी दोनदा विचारलं त्याला, माल्कम," ती म्हणाली.

माणसं पांगली. पाऊस वाढला. माल्कम गाडीत येऊन बसला आणि त्याला रडू यायला लागलं. साठीला आलेल्या माणसाने नगरपालिकेच्या रजेवर असताना रडणं बरं नव्हे, म्हणून तो समोर बघत राहिला.

"माफ करा, डॅड. एक साधं काम होतं. तेही मला जमलं नाही."

लेनर्डनी थर्मासचं झाकण काढून त्यात चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला. "सँडविच कसली आहेत?"

"हॅम. हर्बर्टच्या... ऑड्रीने दिलीत. कुंपण उतरवणार म्हणाली."

लेनर्डनी एक खाल्लं. बराच वेळ चावलं. "मी जायला हवं होतं तिकडे," ते म्हणाले. "उद्या जाईन." मग समोर गॅरेजच्या दाराकडे बोट करून म्हणाले, "फायलीला तरी आपण काय करायचो रे? कड्यावर गाडी लावायची, काचा बंद करायच्या आणि पाऊस बघत चहा प्यायचा. तिकडे तरी कुठे दिसायचा समुद्र!"

ते खरं होतं. माल्कमला लहानपणचं फायली आठवलं: मागच्या सीटवर आपण, समोर दोन डोकी, काचेवर धुकं, आणि पलीकडे कुठेतरी समुद्र असल्याचं मोठ्या माणसांचं आश्वासन. दोघं तसेच बसून राहिले. गॅरेजच्या दारावरून पाणी ओघळत होतं. खिशातला फोन वाजला. कंपनीचा निरोप होता: आपला विमा संपला आहे. प्रवास कसा झाला?

"काय म्हणतायत?" लेनर्डनी विचारलं.

"प्रवास कसा झाला, विचारतायत."

"अजून चाललाय म्हणावं."

लेनर्ड जागेवर सरकले, मग परत आधीच्या जागी आले.

"माल्कम."

"हं?"

"या सीटमध्ये स्प्रिंग आहे."

वडील या सीटवर आयुष्यात आज पहिल्यांदा बसले होते, हे माल्कमच्या आत्ता लक्षात आलं.

"सकाळपासून टोचतेय," लेनर्ड म्हणाले. "हाताने दाबली तर लागत नाही. बसल्यावरच लागते." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त टोपी त्यांनी काढून मांडीवर ठेवली होती. "उद्या तो माणूस येईल त्याला आधी सांग. त्याची बायको बसणार इथे. म्हणावं, आधी तू स्वतः बसून बघ."

"सांगतो," माल्कम म्हणाला. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "डॅड, मागे येऊन बसता का? मागची सीट मऊ आहे. नाहीतर घरात जाऊ. सहा वाजून गेले."

"नको," लेनर्ड म्हणाले. "तुझी आई फायलीला जाऊन परत येईपर्यंत इथेच बसायची. आपण अजून परत आलेलो नाही."